पालिताण्याची डोली वर जाताना घ्यायची की खाली येताना?

गेल्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की शेजारच्या भाभींबरोबर पालिताण्याला (गुजरातेतलं जैनांचं मोठं तीर्थ, शत्रुंजय डोंगरावरचं) जाऊन आले, गुडघे अजून बोलतायत म्हणून, तर त्यावर एवढे प्रश्न आलेत की या वेळचा सगळा कॉलम डोंगरावरच गेलाय. काहींनी मी जैन आहे का असंही विचारलंय. नाही. आमच्या मजल्यावरच्या भाभी गेली वीस वर्षं मला "एकदा तरी चल" म्हणत होत्या आणि मी वीस वर्षं "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत होते, शेवटी त्यांनी मला न विचारता तिकीट काढलं. त्यामुळे धर्माचं जे काही खाली लिहिलंय ते भाभींकडून, त्यांच्या आईकडून आणि वाटेत भेटलेल्या लोकांकडून ऐकलेलं, आणि गुडघ्याचं मात्र माझं स्वतःचं.

प्रश्न : माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, दोन्ही गुडघे दुखतात, पण यंदा पालिताण्याला जायचंच म्हणून हट्ट धरून बसल्यात. डोलीचं नाव काढलं की म्हणतात डोलीतून गेले तर यात्रा कसली, ती डोली नेणाऱ्यांची यात्रा. मग मिस्टरांनी असा तोडगा काढला की वर जाताना डोली करायची आणि उतरताना हळूहळू चालत यायचं, उतरायला काय लागतंय. बरोबर आहे का? आणि पायऱ्या नक्की किती?
— एक सूनबाई, बिबवेवाडी

उत्तर : सूनबाई, मिस्टरांना सांगा, तोडगा छान आहे फक्त उलटा आहे.

पायऱ्यांचं आधी सांगते. साडेतीन हजारांच्या आसपास धरून चाला. कोणी जास्त सांगतं, कोणी कमी, मोजणारा जिथं दमतो तिथून पुढचा आकडा अंदाजानं येतो हे मी स्वतः अनुभवलंय, मी सहाशेनंतर सोडून दिलं. डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर. पण ऐकून घाबरायला होतं तशी ती सलग शिडी नाहीये, पायऱ्या बसक्या आणि रुंद आहेत, मधेमधे सपाट फरसबंद वाट येते, झाडं आहेत, पाण्याच्या परबी आहेत, तिथं साधं आणि उकळलेलं असं दोन्ही पाणी मिळतं. धडधाकट माणूस दीड-दोन तासात वर पोचतो. भाभींची आई ७४ वर्षांची, तिला साडेतीन तास लागले आणि ती माझ्यापेक्षा ताजी होती, कारण ती दर वळणावर बसत होती आणि मी आपली सिंहगड समजून सुटले होते.

मधे एक खडा टप्पा येतो, हिंगळाजचा हडा म्हणतात त्याला. तिथं येणारा प्रत्येक गुजराती माणूस एकच ओळ म्हणतो, "आव्यो हिंगळाजनो हडो, केडे हाथ दई चडो". म्हणजे कमरेवर हात द्या आणि चढा. मला आधी वाटलं गंमत आहे, पण खरंच कमरेवर हात ठेवला की पाठ सरळ राहते आणि श्वास बरा लागतो, एकदम आपल्या विठोबाची पोज. सासूबाईंना हे सांगा, त्यांना माहीत असेलच.

आता उतरायचं. चढताना मांडीचे स्नायू आखडत जोर लावतात आणि दम लागतो, म्हणजे त्रास छातीला होतो, आणि दम लागला की माणूस थांबतो. उतरताना दम लागत नाही म्हणून कोणी थांबतच नाही, पण प्रत्येक पायरीला अख्ख्या अंगाचं वजन एका वाकलेल्या गुडघ्यावर पडतं आणि मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच त्याला ब्रेक लावत असतात. दुखऱ्या गुडघ्याला हे चढण्यापेक्षा वाईट. मी शेवटच्या हजारेक पायऱ्या अक्षरशः कडेच्या कठड्याला धरून, आडवी होऊन, खेकड्यासारखी उतरले, आणि तेव्हा माझ्या शेजारून डोलीवाले "बाजू, बाजू" करत तालात पळत गेले, वर बसलेल्या आजी शांतपणे माळ ओढत होत्या. त्यातल्या मागच्या माणसाच्या खांद्यावर टॉवेलची घडी होती, आणि ती इतकी घट्ट आणि चपटी झाली होती की लाकडाचीच वाटावी.

म्हणून, डॉक्टरांनी चढायला परवानगी दिली असेल तर थोडं तरी पायी चढवा आणि उतरायला डोली करा. डॉक्टर नाही म्हणाले तर दोन्ही वेळा डोली, तिथं हट्ट चालणार नाही. डोलीचा भाव बसणाऱ्याच्या वजनावर असतो, तेव्हा खालीच एकेरी की दुहेरी, किती पैसे, वर किती वेळ थांबणार, सगळं बोलून घ्या, वर गेल्यावर घासाघीस करायला ताकद राहत नाही आणि बरंही दिसत नाही. सासूबाईंना वजन सांगायला आवडणार नाही, त्याची तयारी ठेवा, भाभींच्या आईनं चारचौघांत सहा किलो कमी सांगितलं होतं आणि डोलीवाल्यानं नुस्तं बघून खरा आकडा सांगितला.

यात्रेच्या पुण्याचं म्हणाल तर भाभींच्या आईचं म्हणणं असं की डोलीत बसून मनात दादा असेल तर यात्रा झाली, आणि पायी चढून मनात हॉटेल असेल तर व्यायाम झाला. (दादा म्हणजे वरच्या मुख्य देवळातले मूलनायक, म्हणजे मुख्य देव, आदिनाथ भगवान, पुण्यात दादा म्हटलं की डोळ्यासमोर भलतेच लोक येतात म्हणून खुलासा.) अजून एक, ज्यांना अजिबातच जमत नाही ते खाली जय तळेटीला डोंगराला हात लावून चैत्यवंदन, म्हणजे देवाचं वंदन-स्तवन, करतात. तिथला खडक लोक कपाळ टेकवून स्पर्शतात, फुलं आणि सोन्या-चांदीचा वर्ख लावतात, आणि वर न जाणारे म्हातारेकोतारे तिथंच तास तास बसलेले असतात, कोणी त्यांना कमी लेखत नाही. सासूबाईंचा पाय त्या दिवशी अगदीच सुजला तर हा मार्ग आहे हे त्यांना आधी नाही, तिथं गेल्यावर सांगा. आधी सांगितलंत तर तुम्ही त्यांना न्यायला टाळताय असं वाटेल, मी पण सासू आहे, मला कळतं.

जेवणाचं नीट लक्षात ठेवा, कारण मी इथंच फसले. डोंगरावर खायचं नसतं. पाणी चालतं, खाणं नाही. पर्समध्ये मी चिक्की आणि केळी घेतली होती ती भाभींनी तळेटीलाच काढून रिक्षावाल्याला दिली. उतरल्यावर पायथ्याशी भाताघर आहे, तिथं यात्रा करून आलेल्यांना भातुं देतात, लाडू-शेव असं काहीतरी, त्या दिवशी त्या लाडवाची चव मला अजून आठवते. तरी वर रामपोळीच्या, म्हणजे देवळांकडच्या दरवाजाच्या, अलीकडे बायका मातीच्या भांड्यात दही घेऊन बसलेल्या होत्या आणि लोक खातही होते, भाभींनी तिकडे न बघता मला पुढे ढकललं. सासूबाईंना शुगरचा त्रास असेल तर उपाशीपोटी चढणं हा वेगळाच प्रश्न होतो, औषधाच्या वेळा आधी डॉक्टरांकडून बसवून घ्या, "देव बघेल" म्हणू नका.

प्रश्न : आमचा दहा जणांचा ग्रुप आहे, दर रविवारी सिंहगड ठरलेला. या जुलैमध्ये पावसात शत्रुंजय हिलचा ट्रेक करायचा प्लॅन आहे. वर टेंट लावून नाइट स्टे आणि सनराइज. परमिशन कुठे मिळेल?
— एक ट्रेकर, कोथरूड

उत्तर : कुठेच नाही. आणि बरं झालं विचारलंत, दहा जणांची तिकिटं वाया गेली असती.

आषाढात आपली वारी पंढरपुरात पोचते ना, साधारण त्याच्या तीन-चार दिवसांनी चातुर्मास बसतो आणि पालिताण्याची यात्रा चार महिने बंद होते. पावसात दगडादगडावर शेवाळ, गवत, किडामुंगी, बारीक जीव असतात, पायाखाली ते मरणार, म्हणून कोणी चढायचंच नाही. जैन साधू-साध्वी पण या चार महिन्यांत विहार, म्हणजे गावोगाव पायी फिरणं, थांबवून एका गावात राहतात, त्याच हिशोबातलं हे. पुन्हा उघडतं ते कार्तिक पौर्णिमेला, म्हणजे आपल्या त्रिपुरीला, आपण इकडे देवळात पणत्या लावत असतो आणि तिकडे पहाटेपासून हजारो लोक तळेटीला उभे असतात. ज्यांना जाता येत नाही ते आपापल्या गावात शत्रुंजयाच्या पटाचं दर्शन घेतात. पट म्हणजे कापडावर अख्खा डोंगर रंगवलेला, पायऱ्या, कुंड, देवळं, चढणारी माणसं सगळं. पुण्यातल्या देरासरात, म्हणजे जैन देवळात, बघायला मिळाला तर जरूर बघा, वरून काढलेल्या ड्रोन शॉटच्या कितीतरी आधी लोकांनी हा डोंगर असा कापडावर मांडलाय.

नाइट स्टेचं तर विसराच. त्या डोंगरावर रात्री कोणीच राहत नाही. यात्रेकरू नाही, पुजारी पण नाही, संध्याकाळी सगळे खाली. देवळांचा आकडा ८६३ असा ऐकायला मिळतो, त्यातली कितीतरी हाताएवढी देवकुळं आहेत पण कितीतरी अशी की एकेका देवळासमोर मान दुखेपर्यंत वर बघावं, नऊ टुका, म्हणजे तटबंदी घातलेले नऊ वाडेच म्हणा, आणि हे सगळं गाव सूर्य मावळला की देवांच्या ताब्यात. ट्रेकरच्या डोक्यात लगेच येतं की काय भारी कॅम्पसाइट आहे, माझ्या मुलाच्या पण आलं होतं, मी त्याला जे म्हणाले ते इथं छापता येणार नाही.

हिवाळ्यात या, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि ट्रेक म्हणून येऊ नका, दर्शन म्हणून या, तुम्हाला कोणी अडवत नाही. चामड्याचं काही नको, बेल्ट-पाकीट सुद्धा. शॉर्ट्स नकोत. देवळात फोटो नको. वर आवाज कमी. बरेच लोक अनवाणी किंवा कापडी मोज्यांवर चढतात आणि एप्रिल-मे मध्ये दुपारी उतरताना त्या फरशीवर भाकरी भाजता येईल. उजाडताना सुरू करा. वर हनुमानधारेपाशी वाट फुटते, एक आदिनाथ दादांच्या मुख्य टुकेकडे जाते, दुसरी नवटुकेकडे. दम असेल तर नवटुकेनं जा आणि मुख्य टुकेतून बाहेर या. त्या वाटेवर अंगारशा पीराचं ठाणं आहे, मूल व्हावं म्हणून बायका तिथं छोटे पाळणे वाहतात. जैन तीर्थाच्या माथ्यावर पीर, आणि येताजाता सगळे तिथं हात जोडतात.

आणि मोतीशा टुक चुकवू नका. १९व्या शतकात मुंबईच्या मोतीशा शेठनी बांधायला घेतली. दोन शिखरांच्या मधे खोल दरी होती, कुंतासर नावाची, त्यांनी आधी ती दरी भरून काढली आणि मग त्यावर देवळं उभी केली. वाहतूक माणसांच्या डोक्यावरून आणि जनावरांच्या पाठीवरून. भायखळ्याच्या देरासरामागे पण हेच शेठ. तुम्ही रविवारी पाठीवर दोन लिटर पाणी घेऊन चढताना कुरकुरता, त्याच्याशी ताडून बघा.

प्रश्न : आम्ही दत्तभक्त, दरवर्षी गिरनारला जातो. या वेळी नेमिनाथांचं मंदिर पण बघायचं मनात आहे. दरवेळी वाटेत दिसलं नाही असं कसं? हल्ली रोपवेनं जातो.
— सदाशिव पेठेतील एक गृहस्थ

उत्तर : काका, उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. रोपवे ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला आणि तो थेट अंबामातेजवळ सोडतो, म्हणजे साधारण पाच हजार पायऱ्या वाचतात. जैन देवळं त्याच्या खाली, चारेक हजार पायऱ्यांवर आहेत. तुम्ही त्यांच्या डोक्यावरून पाळण्यात बसून जाता. तेव्हा रोपवेनं वर जा, दत्तशिखर करा, आणि परत येताना अंबामातेपासून पायऱ्यांनी खाली या, वाटेत पहिल्या टुकेवर नेमिनाथ. मग तिथून पुढे खाली उतरायचं की परत रोपवेकडे चढायचं हे गुडघ्यांना विचारून ठरवा, वर सूनबाईंना जे लिहिलंय ते वाचा.

नेमिनाथ म्हणजे २२वे तीर्थंकर, जैन परंपरेत श्रीकृष्णाचे चुलतभाऊ. त्यांची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. वरात निघालीय, नवरदेव रथात, आणि मांडवाजवळ कोंडलेली जनावरं ओरडताना ऐकू येतात. विचारलं तर कळतं की लग्नाच्या जेवणासाठी आणलीत. रथ तिथूनच वळवला तो थेट गिरनारकडे. आणि राजुल, जिच्याशी लग्न ठरलं होतं, ती रडत न बसता त्यांच्या मागोमाग दीक्षा घेऊन तिथंच आली, तिची गुंफा दाखवतात. नेमिनाथांना केवलज्ञान, म्हणजे संपूर्ण ज्ञान, आणि निर्वाण दोन्ही याच डोंगरावर.

एक गोष्ट सांभाळून. पाचव्या शिखरावरच्या ज्या पादुकांवर तुम्ही दरवर्षी डोकं ठेवता त्या जैन लोक नेमिनाथांच्या मानतात, आणि हा वाद कोर्टापर्यंत गेलेला आहे. तिथं उभं राहून तो सोडवायला जाऊ नका, पुणेकराला हे फार अवघड जातं मला माहितीय, पण दहा हजार पायऱ्यांवर नको. दर्शन घ्या आणि मागच्याला जागा द्या.

आणि तुम्ही इतिहासाचे दिसता, पत्र मोडीत सही करून पाठवलंय, तर जुनागढहून पायथ्याकडे जाताना अशोकाचा शिलालेख आहे तो बघताच ना? त्याच खडकावर रुद्रदामनचा संस्कृत लेख आहे, साधारण इसवी सन १५० चा, सुदर्शन तलावाचं धरण फुटलं ते दुरुस्त केल्याचा. सरकारी कामाचा एवढा जुना रिपोर्ट रस्त्याच्या कडेला उभा आहे आणि लोक रिक्षातून पुढे निघून जातात.

प्रश्न : माझी मावसबहीण एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजला गॅप घेऊन नव्वाणू करायला पालिताण्याला चाललीय. घरात सगळे खूश, मला टेन्शन आलंय. नव्वाणू म्हणजे खरंच ९९ वेळा चढणार? का? आणि शंभर का नाही?
— विमाननगर

उत्तर : अगं, खरंच नव्वाणू वेळा. दीड-दोन महिने तिथं राहून रोज दोन-दोन, तीन-तीन वेळा चढउतर. मानतात असं की आदिनाथ भगवान या डोंगरावर "पूर्व नव्वाणू वेळा" आले. आता हे पूर्व काय ते ऐक. एक पूर्व म्हणजे ८४ लाख गुणिले ८४ लाख वर्षं. कॅल्क्युलेटरवर टाकून बघ, मी टाकलं होतं, तो आकडा तिरका दाखवायला लागला. म्हणजे ९९ वेळा नव्हे, ९९ पूर्व वेळा. माणसाच्या आयुष्यात ते बसणार नाही म्हणून त्यातलं नुस्तं नव्वाणू घेतलं. शंभर का नाही याचं उत्तर तुझ्या लक्षात आलंच असेल.

टेन्शन घेऊ नको. हे एकट्या-दुकट्यानं नसतं, ग्रुप असतो, बरोबर साध्वीजी असतात, जेवणाची वेळ ठरलेली, झोपेची ठरलेली, संध्याकाळी सूर्यास्तानंतर खाणं बंद. मी तिथं अशा मुलींचा एक घोळका बघितला, सगळ्यांच्या हातात काठी, कोणाची ४१वी होती कोणाची ६०वी, आणि त्यांच्या गप्पा चालल्या होत्या त्या पिंपल्सवर आणि कोणाच्यातरी भावाच्या लग्नात काय घालायचं यावर. माझ्या पुढे त्या दोनदा गेल्या. म्हणजे एकदा वर जाताना, आणि मी अजून चढतच होते तेव्हा उतरून परत वर जाताना. याहून कडक पण आहे, दोन दिवस अन्न-पाणी काहीही न घेता सात वेळा चढायचं, त्याला छठ करून सात जात्रा म्हणतात. ते मात्र तिनं ठरवलं असेल तर घरच्यांनी डॉक्टरला विचारावं असं माझं मत, भाभींना हे माझं मत आवडलं नाही तरी.

वर गेलीस कधी तर तिला म्हणावं रायण दाखव. मुख्य देवळामागे जुनं रायणीचं झाड आहे, आपल्याकडे खिरणी म्हणतात तेच, त्याच्याखाली आदिनाथांची पावलं. लोक त्या झाडाला प्रदक्षिणा घालतात आणि अंगावर एखादं पान किंवा थेंब पडला तर खूप मानतात. माझ्या अंगावर काही पडलं नाही, भाभींच्या डोक्यावर एक वाळकी काटकी पडली, ती त्यांनी जपून रुमालात बांधून आणली.

प्रश्न : एवढ्या लांब जमणार नाही, महाराष्ट्रात जवळपास काही आहे का? आणि काही जैन मूर्तींना चमकणारे डोळे असतात, काहींना नसतात, ते का?
— हडपसर

उत्तर : दुसऱ्याचं आधी. डोळे लावलेले, अंगावर मुकुट-आंगी चढवलेली ती श्वेतांबर मूर्ती. काही न घातलेली, मिटत आलेली नजर, ती दिगंबर. पालिताण्याला श्वेतांबर, आणि महाराष्ट्रातली डोंगरावरची बरीच प्रसिद्ध तीर्थं दिगंबर.

मांगी-तुंगी करा. नाशिकहून सटाणा, ताहराबाद, आणि मग भिलवाडी. एकाच डोंगराची दोन सुळके निघालेली टोकं, मांगी आणि तुंगी, दोन्ही तेराशे मीटरच्या वर. पायऱ्या इथंही साडेतीन हजारांच्या घरात, पण पालिताण्यापेक्षा खड्या, त्यामुळे हलक्यात घेऊ नका. राम, हनुमान, सुग्रीव यांना इथून मोक्ष मिळाला असं जैन परंपरा मानते. कड्यात कोरलेल्या गुंफा आहेत, आणि आता डोंगरातच एका दगडात कोरलेली १०८ फुटी ऋषभदेवांची मूर्ती, तिची प्रतिष्ठापना २०१६ मध्ये झाली. पालिताण्याचे आदिनाथ आणि हे ऋषभदेव एकच बरं का, पहिले तीर्थंकर.

घरात म्हातारं माणूस असेल तर त्यापेक्षा कोल्हापूरजवळ कुंभोजच्या बाहुबलीला जा, २८ फुटी पांढरीशुभ्र मूर्ती, १९६३ची, चढ थोडाच. सकाळी निघालात तर रात्री घरी.

प्रश्न : पालिताण्यासाठी पर्वतीवर सराव केला तर पुरेल का? किती वेळा? आणि जायचं कसं?
— सहकारनगर

उत्तर : पर्वतीला १०३ पायऱ्या. साडेतीन हजाराला भागा, चौतीस वेळा येतं. चौतीस वेळा करू नका, वरचे पुजारी घाबरतील. तीन आठवडे, रोज चार ते सहा फेऱ्या, एवढं बास, पण एक करा जे मी केलं नाही, लक्ष उतरण्यावर द्या. चढताना हवं तेवढ्या वेगानं चढा, उतरताना एकेक पायरी सावकाश, टाच आपटायची नाही, गुडघा किंचित वाकलेला, कठडा जवळ. नवीन बूट तिथं जाऊन पहिल्यांदा घालू नका, माझे दोन्ही अंगठे काळे-निळे झाले होते.

जायला अहमदाबाद गाठायचं आणि पुढे रस्त्यानं चार-पाच तास. पुण्याहून अहमदाबादला ज्या गाड्या आहेत त्यातल्या एकीचं नावच अहिंसा एक्सप्रेस, ती रोज नसते, वार बघून घ्या. विमानानं भावनगर, तिथून पन्नासेक किलोमीटर. धर्मशाळा ढिगानं आहेत पण कार्तिक पौर्णिमा, चैत्री पौर्णिमा आणि फाल्गुन शुद्ध त्रयोदशीच्या आसपास बुकिंगशिवाय जाऊ नका. त्या त्रयोदशीला सहा गाऊची (गाऊ म्हणजे अंतराचं जुनं माप) मोठी फेरी असते, डोंगराच्या मागच्या बाजूनं आदपर गावात उतरतात, तिथं मांडव घालून सगळ्यांना जेवायला वाढतात, गर्दी आपल्या पालखीसारखी. संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताच्या आत मिळतं, कांदा-बटाटा-लसूण नाही, साडेआठला जेवणाऱ्या आपल्या लोकांनी पहिल्या दिवशीच उपास घडवून घेऊ नये.

पर्वतीला मी पण हल्ली सकाळी साडेसहाला असते. कठड्याला धरून आडवी उतरणारी बाई दिसली तर ती मीच, हाक मारा, पण मागून अचानक नको.